माझ्या झोपेचं लॉगबुक

“आजी, तुमच्या आजाराला इन्सोम्निया म्हणतात,” असं शुभदा डॉक्टर म्हणाल्या आणि मला इतका आनंद झाला की मी खुर्चीत ताठ बसले.

इन्सोम्निया म्हणजे निद्रानाश. झोप लवकर लागत नाही, लागलीच तर मोडते, मोडली की परत येत नाही, आणि हे महिनोन् महिने चालतं. यात आनंद होण्यासारखं काही नाही. पण मी वेगळाच शब्द ऐकायच्या तयारीनं गेले होते. माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं मला रोज सकाळी विचारायच्या, “तू कुणाची गं?” मला वाटत होतं, आता माझीही पाळी आली.

“म्हणजे डोकं जागेवर आहे ना?” मी विचारलं.

“डोकं जागेवर आहे. पण दमलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “आधी त्याला झोपवू. मग बघू, किती जागेवर आहे ते.”

हे सत्त्याण्णव सालातलं, बारामतीच्या एका दवाखान्यातलं बोलणं. मी तेव्हा चौसष्ट वर्षांची होते. माझ्यासारख्या पुष्कळजणी छताकडे बघत रात्र काढतात आणि सकाळी विचारलं की ‘लागली बाई झोप’ म्हणून खोटं सांगतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खोटं मीही सांगितलं. माझ्याइतकं सराईतपणे कुणी सांगितलं नसेल.

आधी थोडं मागचं सांगते, कारण या आजाराची पेरणी मी स्वतःच्या हातानं केली होती.

आमच्या घरातले, म्हणजे माझे यजमान, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचे वडील वडगाव निंबाळकरच्या बाजूला मेंढरं राखायचे. आबांनी मात्र काठी सोडून लेथ मशिन धरलं आणि अठ्ठावीस वर्षं वालचंदनगरच्या कारखान्यात टर्नर म्हणून काढली. आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा तीन पाळ्या. थर्ड शिफ्ट करून माणूस सकाळी घरी यायचा आणि दिवसा झोपायचा.

मग मी दारावर खडूनं ‘थर्ड’ असं लिहायची. आमच्या ओळीत ही पद्धतच होती. दारावर ‘थर्ड’ दिसलं की दूधवालाही कडी न वाजवता भांडं ठेवून जायचा. पण बाकीच्या बायकांचं लिहून भागायचं, माझं नाही. मी ओट्यावर बसून पहारा द्यायची. कल्हईवाल्याला कोपऱ्यावरच अडवायची. गोट्या खेळणाऱ्या पोरांच्या गोट्या जप्त करायची. एकदा तर शेजारी लग्न होतं, बायका हळद कुटायला बसल्या आणि मी जाऊन उखळ बंद करायला लावलं. लग्नाची हळद! त्या नवरीचा संसार सुखाचा झाला म्हणून बरं, नाहीतर आयुष्यभर माझ्या नावानं बोटं मोडली असती.

आणि मी स्वतः कधी झोपायची? त्याचाच तर मला तोरा होता. ‘मला चार तास पुरतात’ हे मी पाण्याच्या नळावर, किराणा दुकानात, हळदीकुंकवाला, विचारलं नसताना सांगायची. समोरची कुसुम दुपारी पदर तोंडावर घेऊन तासभर झोपायची, तर मी तिला अजगर म्हणायची. कुसुम आज सत्तरीत आहे आणि तिला एक गोळी चालू नाही. मी मोजायला बसले तर माझ्या हाताची बोटं संपतात.

नव्वद साली आबा निवृत्त झाले. इंदापूरला आम्ही दोन खोल्या बांधल्या. भोंगा नाही, शिफ्ट नाही. मला वाटलं, आता सगळी बाकी राहिलेली झोप एकदम घेऊ. तर ती आलीच नाही.

पहिली दोन-तीन वर्षं मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मग एका डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी लिहून दिलेली झोपेची गोळी मी तीच जुनी चिठ्ठी दाखवून चार वर्षं घेत राहिले. आधी अर्धी, मग एक, मग दीड. सकाळी डोकं ओल्या गोणपाटासारखं जड. शेजारणीचं नाव आठवायला मी “अहो, ह्या, ह्या” करत उभी राहायची. आणि एकाच महिन्यात दोनदा दूध गॅसवर ठेवून विसरले. दुसऱ्या वेळी दूध आटलं, पातेलं जळून काळं झालं आणि घरभर धूर झाला.

त्याच आठवड्यात नाशिकहून आमचा सुरेश आला होता. त्यानं ते पातेलं बघितलं. तो ओरडला नाही, हेच मला जास्त लागलं.

“आई,” तो म्हणाला, “दिवाळीपर्यंत बघू. सुधारणा झाली नाही तर हे घर बंद करायचं आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडं यायचं. मी तुला विचारत नाहीये, सांगतोय.”

पोरगा चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे. पण ह्या दोन खोल्या म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा आमच्या नावावर झालेलं घर. ते एका जळक्या पातेल्यापायी जाणार, या विचारानं उरलीसुरली झोपही गेली. म्हणून आबा मला घेऊन बारामतीला गेले.

पहिल्या दिवशी तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, साखर, थायरॉइड. थायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी, ती बिघडली तरी झोप बिघडते. दुसऱ्या खेपेला ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूची हालचाल कागदावर काढतात. दुखत नाही. फक्त केसांतला तो डिंक दोनदा न्हायल्याशिवाय निघत नाही, तेव्हा घरी आल्यावर न्हायला जास्त पाणी तापवा.

बाहेर बाकावर बसून नंबराची वाट बघायची. माझ्या शेजारी एक आजोबा भिंतीला डोकं टेकून घोरत होते. त्यांचं नाव तीनदा पुकारलं तरी उठेनात. मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी त्यांना उठवलंच नाही. शेवटी नर्सनं हलवून जागं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पर्समधलं काहीतरी शोधायला लागले.

सगळे रिपोर्ट बरे आले. मग डॉक्टरांनी उपाय सांगितला. गोळी एकदम सोडायची नाही, त्यानं अपाय होतो. त्या सांगतील तसतशी कमी करायची. दिवसा आडवं व्हायचं नाही. झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही. उठायची वेळ रोज एकच. रोजची ‘स्लीप डायरी’ ठेवायची, म्हणजे किती वाजता पडलो, किती वेळा उठलो, ते वहीत लिहायचं. आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, इथं येऊन कॉम्प्युटरवर बसायचं.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“कॉम्प्युटरनं झोप येते?” आबांनी विचारलं.

“येतेच असं मी लिहून देणार नाही, आबा,” डॉक्टर म्हणाल्या. “हा माझा प्रयत्न आहे. आजींचं डोकं रात्री काळजीचं काम करतं आणि दिवसा पेंगतं. त्याला दिवसा नेमून दिलेलं काम दिलं तर विसरणं कमी होईल, धास्ती कमी होईल. मग झोपेला वाट मिळाली तर मिळाली.”

दवाखान्याच्या माडीवर ती खोली होती. चपला बाहेर काढायच्या, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून. आत एसी. आयुष्यात पहिल्यांदा एसीत बसले आणि पाय गारठले म्हणून दुसऱ्या खेपेपासून आबांचे मोजे घालून जाऊ लागले. कॉम्प्युटर चालवायला गायकवाड सर होते. चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेला माणूस, पाठ पट्टीसारखी सरळ. मी कीबोर्डवर एका बोटानं दाबलं की त्यांना शारीरिक त्रास व्हायचा.

“आजी, दहा बोटं दिलीत देवानं,” ते म्हणायचे.

“नऊ आराम करतायत, सर. डॉक्टरांनीच सांगितलंय, डोकं दमवा म्हणून.”

प्रोग्राम डॉक्टरांच्या भावानं बनवला होता. एका खेळात पडद्यावर चित्रं पालथी असायची. दोन-दोन उलटून जोड्या लावायच्या. ही वर्किंग मेमरी, म्हणजे हातातलं काम संपेपर्यंत डोक्यात धरून ठेवायची आठवण. दुसऱ्यात तांबडा गोल आला तरच बटण दाबायचं, हिरव्याला नाही. तिसऱ्यात आकडे दिसायचे, ते उलटे सांगायचे. चित्रंही त्या भावानंच काढली होती, त्यामुळे बैल आणि म्हैस यांत काडीचा फरक नव्हता. मी चुकले की म्हणायची, “सर, ह्याला मेंढपाळाच्या सुनेपुढं म्हैस म्हणून उभं करायचं म्हणजे कमाल झाली!”

प्रत्येक खेळाच्या शेवटी शंभरपैकी मार्क पडद्यावर यायचे. पहिल्या दिवशी एकतीस. तिथंच माझी बुद्धी फिरली.

मला वाटलं, हे मार्क सुरेशला कळवणार. एकतीस मार्कांची आई तो एक दिवससुद्धा इंदापूरला ठेवणार नाही. मग मी युक्ती काढली. डाव्या तळहातावर बॉलपेननं चौकोन आखून न्यायचे आणि चित्र उलटलं की हळूच तिथं खूण करायची. दुसऱ्या आठवड्यात बावन्न. तिसऱ्यात अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर खूश, आबा खूश. स्लीप डायरी तर मी एसटीतच भरायची, शेवटच्या अर्ध्या तासात, आठवड्याची एकदम: दहा ते पाच झोप, मध्ये जाग नाही. एका बुधवारच्या नोंदीत सव्वापाच लिहिलं, खरं वाटावं म्हणून.

चौथ्या शुक्रवारी गायकवाड सरांनी माउस हातात धरून उलटापालटा करून बघितला.

“आजी, हा पांढरा माउस निळा कशानं झाला?”

“एसीनं असेल.”

“उजव्या हातानं धरायचा माउस तुम्ही मध्येच डाव्या हातात का घेता?”

मी डावी मूठ मिटली. तळहात घामेजून शाई पसरली होती. सरांनी माझा हात उघडून बघितला नाही. त्यांनी स्वतःचा रुमाल पुढं केला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. चाळीस वर्षांत किती कॉप्या पकडल्या असतील, पण पासष्टीला टेकलेली पहिलीच.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं गेलो. सरांनी सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत.

“आजी, ही परीक्षा नाही हो. हे मार्क माझ्याशिवाय कुणी बघत नाही. आणि ही झोपेची वही?”

“ती खरी आहे,” मी म्हटलं.

तेव्हा आबांनी पिशवीत हात घातला. जुन्या कारखान्यातली असायची तशी जाड पुठ्ठ्याची लांबट वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मशिन कधी चालू केलं, कधी बंद पडलं, काय दुरुस्ती केली, हे कामगार ज्यात लिहून ठेवायचा, तसलं लॉगबुक.

“हे बघा म्याडम,” ते म्हणाले. “तिला सांगू नगा म्हणलं असतं, पर आता हितंच बसलीया.”

डॉक्टर वाचायला लागल्या. मोठ्यानं वाचलं, तेही मी सांगितलं म्हणून. आबांचं अक्षर सुवाच्य आहे आणि शब्द मोजके.

‘११.१० पडली. १.४० उठली. पाणी प्याली. १.५५ गॅसचा खटका बघितला. २.०५ परत बघितला. २.३० परत. ३.१५ देवापाशी बसून रडली. ४.०० पडली. झोप न्हाय.’

अशी पानंच्या पानं होती. पातेलं जळालं त्या दिवसापासून एकही रात्र सुटली नव्हती.

आधी मला राग आला. मग लाज वाटली. डॉक्टरांनी वही मिटली, चष्मा काढला आणि आबांना विचारलं, “आबा, आजींची एक चाळीसची नोंद आहे, दोन पाचची आहे, सव्वातीनची आहे. मग तुम्ही केव्हा झोपता?”

आबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले.

“माझी थर्ड शिफ्ट चालू हाय म्हना,” ते म्हणाले.

“अहो, पण तुम्ही तर घोरत असता!” मी म्हटलं. “मी रोज ऐकते!”

“तू वळून बघतीस तवा घोरतो. मी जागा हाय म्हनलं तर तू उठायची न्हाईस, पडून ऱ्हाशील लाकडावानी. मी झोपलोय वाटलं की मोकळी हिंडतीस तरी. आन् गॅसचं राहिलं असतं तर मी होतोच.”

पंचेचाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचं खोटं घोरणं मला ओळखू आलं नाही. एवढी मोठी पहारेकरीण मी, आणि माझ्यावरच पहारा बसला होता. आयुष्यभर मी त्या माणसाची झोप राखली असं मी जगाला सांगत आले, आणि म्हातारपणी त्यानं माझं जागेपण राखलं, ते कुणालाही न सांगता. मी पदर तोंडाला लावला. रडले नाही म्हणणार होते, पण खोटं बोलायचं नाही असं आता ठरलंय.

“म्हणजे मला एका नाही, दोन पेशंटांचे कागद करायला हवेत,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी ड्रॉवरमधून दुसरी कोरी फाइल काढली.

खरं औषध त्या दिवसापासून लागू पडलं, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, सगळ्याचंच थोडं-थोडं. आबांना रात्रीची नोंद बंद करायला सांगितली. मला सांगितलं, जाग आली तर चोरासारखं उठायचं नाही, त्यांना सांगून उठायचं. आधी हे मला भलतंच वाटलं. झोपलेल्या माणसाला उठवायचं म्हणजे माझ्या धर्मात पापच. पण मी “अहो, जाग आली हं” म्हणायला लागले आणि आबा “बरं” म्हणून कुशीवर वळायला लागले. तेवढ्यानं माझं अर्धं भय कमी व्हायचं. गॅसच्या खटक्याला आम्ही एक नेम लावला: रात्री आबांनी बंद करायचा, मी बघायचा, एकदाच.

मंगळवारी आणि शुक्रवारी दोघंही शेजारी-शेजारी कॉम्प्युटरवर बसू लागलो. माझे खरे मार्क चौतीस. मग एकोणचाळीस. एकदा पुन्हा तीस. आबा पहिल्याच दिवशी पंचावन्न मिळवून मिशीत हसले, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी जेमतेम बोलले. गोळी दीडची एक झाली, एकाची अर्धी. त्या काळात फार वाईट गेलं, हे लपवत नाही. हात थरथरायचे, उगाच रडू यायचं. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. तुम्हीही मनानं गोळी वाढवू नका आणि मनानं तोडू नका, एवढं माझं ऐका.

गणपती झाले, दसरा झाला. मार्क सत्तेचाळीसवर आले. शेजारणीचं नाव सुमन आहे. दूध उतू जायचं, पण जळायचं नाही.

दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी पहाटे सुरेश नाशिकच्या गाडीनं आला. न कळवता. लहानपणापासून त्याला सवय, की कडीला हात लावायच्या आधी आई दार उघडते. त्यानं कडी वाजवली. पुन्हा वाजवली. हाका मारल्या. मग दार हातांनी बडवलं. सुमनच्या घरचे उठून बाहेर आले. कुणी म्हणालं दार तोडा, कुणी म्हणालं मागच्या खिडकीतून बघा. त्या सगळ्या गोंधळात शेवटी मी उठून दार उघडलं. अंबाडा सुटलेला, गालावर उशीची घडी उमटलेली.

सुरेशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आई, काय झालं? आबा कुठंयत?”

“झोपलेत की आत,” मी जांभई देत म्हटलं. “तू केव्हा आलास?”

“तू... झोपली होतीस?”

“मग काय कीर्तन करत होते?”

तो उंबऱ्यावरच बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडायला लागला, चाळीस वर्षांचा बाप्या. शेजारचे हळूच आपापल्या घरी गेले. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. आत आबा अजून झोपलेलेच होते.

दहाच्या सुमाराला दारात टेम्पो येऊन थांबला. तेव्हा मला कळलं, की पोरानं नाशिकहून फोन करून सामान न्यायला बारामतीचा टेम्पो ठरवला होता.

ड्रायव्हर खाली उतरला. “कुठाय सामान? एका खेपेत बसंल का?”

सुरेशनं माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं. आबा दाढीला साबण लावून उभे होते.

“ऱ्हाऊ द्या तात्या,” सुरेश म्हणाला. “हे लोक हितंच ऱ्हात्यात.”

“आवो, मग मी काय रिकामा जाऊ माघारी?”

“रिकामा कशाला?” मी म्हटलं. “बारामतीला सोडा आम्हाला. आज शुक्रवार, आमचा कॉम्प्युटरचा वार.”

शुभदा डॉक्टरांचे, गायकवाड सरांचे आणि त्यांच्या शाईच्या डागांच्या रुमालाचे आभार मी इथं मानते. माझी झोप अजूनही रोजच येते असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ती मोडते, आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

त्या दिवशी मी मोजे घातले, पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. आबा आणि सुरेश मागं दांडीला धरून उभे राहिले, कारखान्यातून सुटलेल्या कामगारांसारखे. दिवसा डोळा मिटायचा नाही असा माझा नियम होता. वाटेतलं निमगाव केतकी गेल्याचं मला चांगलं आठवतं. पुढचं, बारामती येईपर्यंतचं, काहीही आठवत नाही.